जुन्या बारोलोच्या मागावर: लांगेच्या टेकड्यांत पाच दिवस

पहिला दिवस: आल्बा

तुरीनहून ब्रामार्गे येणारी गाडी दुपारी वायव्य इटलीतल्या लांगे टेकड्यांमधल्या आल्बाला पोचली, तेव्हा स्टेशनबाहेरचा चौकसुद्धा धड दिसत नव्हता. नोव्हेंबरचा पहिला आठवडा आणि तानारो नदीवरून चढणारं दाट धुकं. इटालियनमध्ये धुक्याला ‘नेब्बिया’ म्हणतात. इथल्या मुख्य द्राक्षाचं नाव, नेब्बियोलो, त्यावरूनच पडलं असं इथं बहुतेक जण सांगतात. द्राक्ष उशिरा पिकतं, तोडणी बहुधा ऑक्टोबरात होते. नाशिककडे ज्या सुमाराला छाटणी उरकून वेली नव्यानं फुटत असतात, त्या सुमाराला इथले मळे रिकामे होऊन पिवळे-तांबडे पडलेले असतात.

या द्राक्षाच्या दोन वाईन जगभर साठवल्या जातात: बारोलो आणि बार्बारेस्को. दोन्हींत शंभर टक्के नेब्बियोलोच. बारोलो तोडणीच्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरपासून किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडात. रिझेर्व्हा, म्हणजे जास्त मुरवलेली, असेल तर 62 महिने. बार्बारेस्कोला 26 महिने पुरतात, त्यातले 9 लाकडात. तिची रिझेर्व्हा 50 महिन्यांची. हे झालं कायद्याचं किमान. चांगल्या वर्षाची बारोलो खऱ्या अर्थानं खुलायला 15 वर्षं लागतात आणि तळघर बरं असेल तर ती 40 वर्षंही टिकते.

संध्याकाळी एका लहान ओस्तेरियात, म्हणजे खानावळीत, 1996 ची बारोलो मागवली. वाढप्यानं बूच काढलं, वास घेतला आणि काही न बोलता बाटली पुढे केली. ओल्या पुठ्ठ्याचा वास. हा टीसीए, म्हणजे बुचातून उतरणारा दोष. हवा लागून तो कमी होत नाही, उलट पेल्यात वाढतोच. बाटली बदलून मिळाली. पण इथं एक बारकावा आहे: बुचाचा दोष असेल तर बहुतेक ठिकाणी बाटली बदलतात, वाईन वयानं थकलेली निघाली तर नाही. तो धोका मागवणाऱ्याचा. त्यामुळे 25 वर्षांपलीकडची बाटली मागवताना ती त्यांच्या तळघरात कधीपासून आहे, हे आधी विचारावं. पंचवीस वर्षं इथंच आहे म्हणाले तर डोळे झाकून मागवा. दोन वर्षांपूर्वी लिलावातून घेतली म्हणाले तर शेजारच्या वर्षाकडे वळा.

दुसरी बाटली उत्तम निघाली. रंग विटेच्या चुऱ्यासारखा, कडेला नारिंगी. वास गुलकंदाचा, मागून डांबर, ज्येष्ठमध आणि भिजलेल्या पाचोळ्याचा. जुनी बारोलो पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती पातळ वाटते, कारण नेब्बियोलोत मुळातच रंग कमी. ताजी असतानाही तिच्यातून पेल्यापलीकडचं बोट दिसतं. फिका रंग म्हणजे मेलेली वाईन, ही समजूत इथं घेऊन येऊ नये. सोबत तायारीन होती, अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या शेवया, फक्त लोण्यात घोळलेल्या. तुरट वाईनला लोण्याइतकं चांगलं काही नाही.

*शाकाहारींसाठी:* तायारीन ‘अल बुर्रो’ मागा, म्हणजे लोण्यातली. नुसतं तायारीन म्हटलं तर मांसाचा रस्सा येतो. आन्योलोत्ती देल प्लीन या चिमटीनं बंद केलेल्या पोटल्यांत जवळजवळ नेहमी मांस असतं. बान्या काउदा भाज्यांबरोबर येते म्हणून फसू नका, तो सॉस अँचोव्ही मासळीचा आहे. कास्तेलमान्यो चीजमधल्या न्योक्कींत, म्हणजे बटाट्याच्या गोळ्यांत, मांस-मासळी नसते; मात्र हे चीज वासराच्या रेनेटनं जमवतात, ते चालत नसेल तर तेही टाळा.

दुसरा दिवस: बार्बारेस्को

गाव म्हणजे एक रस्ता, त्याच्या टोकाला मध्ययुगीन बुरूज आणि खाली नदी. बुरुजाला आता लिफ्ट आहे, पण धुक्यात वर जाऊन दिसणार काय? त्यापेक्षा सान दोनातोच्या जुन्या चर्चमध्ये शिरावं. तिथं आता प्रार्थना होत नाही. प्रादेशिक एनोतेका आहे, बार्बारेस्को चाखायची आणि विकत घ्यायची जागा.

इथं पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को ही सहकारी संस्था. सहकार म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. ऊस आणि गाळपाच्या जागी द्राक्ष आणि पिंप ठेवा. दोमित्सियो कावात्सा या आल्बाच्या वाईन विद्यालयाच्या प्राचार्यांनी 1894 मध्ये इथं पहिली सहकारी वायनरी काढली, ती फॅसिझमच्या काळात बंद पडली. 1958 मध्ये गावचे पाद्री दोन फियोरिनो मारेंगो यांनी 19 शेतकरी गोळा करून ती पुन्हा उभी केली. पहिल्या तीन हंगामांची वाईन चर्चच्या तळघरात झाली. आज सभासद पन्नासाहून जास्त आहेत. चांगल्या वर्षी नऊ मळ्यांच्या नऊ वेगळ्या रिझेर्व्हा निघतात: आझिली, राबाया, पोरा, मोंतेस्तेफानो, ओवेल्लो, पाये, मोंतेफिको, रियो सोर्दो, मुंकागोता. वर्ष साधारण असेल तर त्या काढतच नाहीत, सगळा माल साध्या बार्बारेस्कोत जातो. म्हणून ज्या वर्षी रिझेर्व्हा नाहीत त्या वर्षीची साधी बाटली पुष्कळदा पैशाच्या मानानं सरस असते. नवीन साठवणूक करणाऱ्यानं सुरुवात इथूनच करावी. नऊही मळ्यांत द्राक्ष एक, बनवणारे हात एक, पद्धत एक. बदलते फक्त जमीन. आझिलीचा मऊपणा आणि मोंतेस्तेफानोचा कडकपणा शेजारी-शेजारी चाखला की ‘मळ्याचा गुण’ या शब्दामागे काय आहे ते जिभेला कळतं.

त्याच रस्त्यावर गाया घराण्याचा दरवाजा आहे. 1859 पासूनचं घराणं. आंजेलो गाया यांनी 1978 मध्ये नेब्बियोलो उपटून कॅबरने सोव्हिन्यों हे फ्रेंच द्राक्ष लावलं तेव्हा वडील ‘दारमाजी’ म्हणाले, म्हणजे ‘काय हे नुकसान!’ पुढे त्या वाईनचं नावच दारमाजी पडलं. साठवणाऱ्यांच्या कामाची माहिती मात्र वेगळी आहे. सोरी सान लोरेंत्सो, सोरी तिल्दिन आणि कोस्ता रुस्सी या त्यांच्या तीन मळ्यांच्या बाटल्यांवर 1996 पासून ‘बार्बारेस्को’ऐवजी ‘लांगे नेब्बियोलो’ छापलं जायचं, कारण त्यात थोडी बार्बेरा, म्हणजे इथल्याच दुसऱ्या लाल द्राक्षाची वाईन, मिसळत. 2013 च्या वाईनपासून ते पुन्हा बार्बारेस्कोवर आले. मधल्या वर्षांचं लेबल पाहून कुणी ‘हलका दर्जा’ म्हणालं तर समजावं की त्याला हे माहीत नाही.

चाखण्याच्या खोलीतल्या काकूंनी पाच पेले मांडले आणि शेजारी थुंकायचं भांडं ठेवलं. पानाची पिंक टाकणाऱ्यांच्या मुलखातून आलेल्याला लाज वाटायचं कारण नाही; दिवसाला तीन तळघरं करायची तर थुंकावंच लागतं. इटलीत गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे, आणि परवाना मिळून तीन वर्षं न झालेल्याला शून्य.

*भेटीची वेळ:* वायनरीला तीन-चार आठवडे आधी ईमेल करा. रविवारी बहुतेक ठिकाणं बंद, तोडणीच्या दिवसांत लहान वायनऱ्या कुणालाच घेत नाहीत. दिवसाला दोन, फार तर तीन भेटी. चौथ्या भेटीत जीभ टॅनिननं, म्हणजे वाईनमधल्या तुरट द्रव्यानं, बधिर झालेली असते आणि सगळ्या वाईन सारख्या लागतात, कच्चं केळं खाल्ल्यावर बाकी सगळं जसं लागतं तशा.

तिसरा दिवस: ला मोर्रा आणि बारोलो गाव

सकाळी धुकं खालीच राहिलं आणि ला मोर्रा त्याच्यावर तरंगत होतं. गावाच्या सज्जातून समोर टेकड्यांची टोकं, त्यांवरचे किल्ले आणि मधे पांढरा समुद्र. ऊन आलं तसा तो समुद्र तासाभरात विरला आणि खालचे मळे उघडे पडले. जवळच ब्रुनाते मळ्यात 1914 चं एक छोटं देऊळवजा चॅपेल आहे. सोल लेविट आणि डेव्हिड ट्रेमलेट या दोन चित्रकारांनी 1999 मध्ये ते पिवळ्या, निळ्या, लाल पट्ट्यांनी रंगवलं. आत पूजा कधीच झालेली नाही. गारपिटीत मजुरांनी आडोशाला थांबावं एवढाच त्याचा उपयोग होता.

इथून पश्चिम आणि पूर्व हा भेद समजून घ्यायला हवा, कारण काय साठवावं हे त्यावर ठरतं. ला मोर्रा आणि बारोलो गावाकडची माती निळसर, चुनखडीमिश्रित, भूगर्भशास्त्रात तोर्तोनियन काळाची. तिची वाईन सुगंधी आणि लवकर मऊ होणारी. पूर्वेला सेर्रालुंगा आणि मोनफोर्तेकडे माती त्याहून जुनी, वाळूखडकाचे थर असलेली. तिथली वाईन कडक आणि दीर्घायुषी. 12 ते 15 वर्षांत प्यायची तर ला मोर्रा, मुलाच्या लग्नाला उघडायची तर सेर्रालुंगा, असा ढोबळ हिशेब. ढोबळच, कारण बनवणाऱ्याचा हात हा भेद पुष्कळदा पुसून टाकतो.

त्या हातांचं भांडण इथं तीस वर्षं चाललं. जुनी पद्धत म्हणजे साली रसात महिना-दीड महिना भिजत ठेवायच्या आणि नंतर वाईन स्लावोनियन ओकच्या मोठ्या पिंपांत, हजारो लिटरच्या, वर्षानुवर्षं ठेवायची. 1980 च्या दशकात तरुण मंडळींनी सालींचा काळ आठवड्यावर आणला आणि 225 लिटरची नवी फ्रेंच पिंपं वापरायला घेतली; या पिंपांना ‘बारीक’ (barrique) म्हणतात. त्यांच्यातले एलियो आल्तारे यांनी 1983 मध्ये वडिलांची जुनी पिंपं यांत्रिक करवतीनं कापली. पलीकडून बार्तोलो मास्कारेल्लो यांनी लेबलवर हातानं लिहिलं, ‘नो बारीक, नो बर्लुस्कोनी’, म्हणजे ही पिंपं नकोत आणि राजकारणी बर्लुस्कोनीही नकोत. आज दोन्ही बाजू मधे आल्यात. पण जुनी बाटली घेताना ती कुठल्या काळातली, कुठल्या गोटातली हे पाहावंच. 1990 च्या दशकातल्या नव्या लाकडात भिजलेल्या पुष्कळ बारोलोंत आज व्हॅनिला उरलंय आणि गुलाब गेलाय. त्या काळातलं घ्यायचं तर मोठ्या पिंपांवर टिकून राहिलेल्यांचं घ्यावं.

बारोलो गावातल्या किल्ल्यात वाईनचं संग्रहालय आहे, तळाशी एनोतेका. गावातच बोर्गोन्यो ही 1761 पासूनची वायनरी. यांनी पिढ्यान्‌पिढ्या उत्पादनाचा मोठा हिस्सा विकायचाच नाही असं ठरवलं होतं. त्यामुळे दशकांपूर्वीच्या बाटल्या तिथल्या तिथे, कधीही गाव न सोडलेल्या, मिळत आल्या. मात्र त्यांची जुनी प्रथा अशी की बाहेर काढण्याआधी जुनी बाटली उघडून वाईन निथळायची, गाळ काढायचा, भर घालायची आणि नवं बूच मारायचं. म्हणून त्यांच्या पन्नास वर्षांच्या बाटलीत वाईन गळ्यापर्यंत भरलेली आणि बूच कोरं दिसलं तर ते नकली असेलच असं नाही. दुसऱ्या कुणाच्या तेवढ्याच जुन्या बाटलीत असं दिसलं तर मात्र हात मागे घ्यावा.

जुनी बाटली तपासायची कशी

हे सगळं बारोलो गावातल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत, टॉर्चच्या उजेडात शिकता आलं. दुकानदार आजोबांना घाई नव्हती.

पहिलं, पातळी. बाटली उभी धरून बुचाच्या खालच्या कडेपासून वाईनपर्यंतचं अंतर पाहा. 20 ते 30 वर्षांच्या बाटलीत 2 ते 4 सेंटिमीटर ठीक. 6 च्या पुढे गेलं तर हवा आत गेलेली आहे. दुसरं, वरचं आवरण. त्याच्या कडेला चिकट ओघळ किंवा बूच ओठाच्या वर आलेलं दिसलं तर बाटली कधीतरी तापली आहे. उष्णतेनं वाईन फुगते आणि बूच ढकलते. बुचावरच्या बुरशीला मात्र घाबरू नये. ती दमट तळघराची खूण, म्हणजे चांगलीच. तिसरं, रंग. बाटलीच्या गळ्यामागे टॉर्च धरा. वीट किंवा डाळिंबाच्या सालीचा रंग चमकदार दिसायला हवा. काळ्या चहासारखा गढूळ तपकिरी दिसला तर सोडून द्या. त्याच वर्षाच्या तीन-चार बाटल्या असतील तर शेजारी ठेवून पाहा, सर्वांत उजळ ती घ्या.

आणि वर्ष. 1978, 1982, 1989, 1990, 1996, 2001, 2010, 2016 ही नावाजलेली. नावाचे पैसेही त्यात धरलेले असतात. 1998, 2004, 2008 स्वस्त पडतात आणि आता प्यायला तयार आहेत. 1997 आणि 2003 ही गरम वर्षं. पहिल्याचा त्या वेळी फार गाजावाजा झाला, पण पुष्कळ बाटल्या लवकर उतरल्या. 2002 ला गारपिटीनं इतकं झोडपलं की काहींनी बारोलो काढलीच नाही. तरी आजोबांचं म्हणणं एकच: थोर वर्षाची तापलेली बाटली आणि मध्यम वर्षाची थंड तळघरातली बाटली यांत निवडायची वेळ आली तर विचारसुद्धा करू नका. लेबलवर वर्ष छापतात, त्या बाटलीनं उन्हाळे कुठे काढले हे कुणी छापत नाही.

चौथा दिवस: सेर्रालुंगा आणि मोनफोर्ते

पाऊस. सेर्रालुंगाचा चौदाव्या शतकातला सडपातळ किल्ला ढगात. खालच्या फोंतानाफ्रेद्दाच्या इमारती एकसंध इटलीचा पहिला राजा, व्हित्तोरियो एमानुएले (दुसरा), याच्या काळातल्या. ही जागा त्यानं 1858 मध्ये रोझा व्हेर्चेल्लाना या आपल्या प्रेयसीसाठी घेतली. जाकोमो कोंतेर्नो घराण्यानं 1974 मध्ये विकत घेतलेला फ्रांचा मळा याच गावात. त्यांची मोंफोर्तिनो ही बारोलो मोठ्या पिंपात सात-सात वर्षं ठेवतात. तिची किंमत ऐकून लांबूनच नमस्कार.

दुपारी मोनफोर्तेत एका शेतकऱ्याच्या घरी 1989 ची बारोलो उघडली. ती कशी उघडली हे सविस्तर सांगण्यासारखं आहे. बाटली दोन दिवस आधी उभी केलेली होती. नेब्बियोलोचा गाळ पिठासारखा बारीक असतो, खाली बसायला फ्रान्सच्या बोर्दो वाईनपेक्षा जास्त वेळ घेतो. हा गाळ म्हणजे टॅनिन आणि रंगद्रव्य एकमेकांना चिकटून जड झालेले कण. अपाय नाही, पण ढवळला तर वाईन कडवट आणि धुरकट लागते. वरचं आवरण ओठाखालून पूर्ण कापलं, कड ओल्या फडक्यानं पुसली. साधा पेचाचा स्क्रू वापरला नाही. तीस वर्षांच्या बुचाचा मधला भाग तो उपटून आणतो आणि कडा काचेला चिकटून राहतात. दोन पात्यांचं ओपनर घेतलं: लांब पातं आधी बूच आणि काच यांच्यामध्ये, मग आखूड, हलवत हलवत खाली, आणि पिळत पिळत वर. बूच सैल असेल तर हीच पाती त्याला आत ढकलतात, तेव्हा आधी स्क्रू मधोमध बसवून मग पाती घालावीत. इथं एवढं करूनही खालचा अर्धा इंच मोडला. बारीक जाळीची गाळणी तयार होतीच.

लगेच एक घोट चाखला. पहिल्या वासात बंद खोलीचा कुबट दर्प होता. तो अर्ध्या तासात गेला तर वाईन निर्दोष, वाढला तर टीसीए. गेला. डिकँटरमध्ये, म्हणजे वाईन मोकळी करायच्या काचेच्या भांड्यात, ओतलं नाही. पेलाभर वाईन काढून पातळी बाटलीच्या खांद्यापर्यंत आणली, म्हणजे हवेला जास्त पृष्ठभाग मिळतो, आणि बाटली तशीच थंड खोलीत चार तास ठेवली. तीस वर्षांच्या वाईनला डिकँटरचा धक्का कधीकधी सोसत नाही, तासाभरात ती विस्कटते. 15-20 वर्षांच्या तगड्या बारोलोला मात्र डिकँटर हवाच: मेणबत्तीवर गळा धरून एकाच धारेत ओतायचं, गाळाचा धागा खांद्याशी आला की थांबायचं, तळची दोन-तीन बोटं सोडून द्यायची. ती फेकू नका, मांस शिजवणाऱ्यांच्या घरी ब्राझातोत, म्हणजे वाईनमध्ये शिजवलेल्या मांसात, जातात.

वाढली 17 अंशांना, मोठ्या पोटाच्या पेल्यात, एक तृतीयांश. सोबत आठ तास वाईनमध्ये मुरलेलं बीफ आणि ज्यांना नको त्यांना चीज. चार तासांनी कुबट वास कुठे होता हे सांगता येईना; संत्र्याची वाळकी साल, तंबाखू, गुलाब. तुरटपणा होता, पण सुपारीच्या खांडासारखा, हळूहळू सुटणारा.

पाचवा दिवस: ट्रफल, खरेदी, बांधणी

आल्बाच्या मादालेना चौकातल्या ट्रफल बाजारात शिरताच तंबूभर तोच वास. पांढरा ट्रफल शिजवत नाहीत, गरम तळलेल्या अंड्यावर किंवा तायारीनवर किसतात. विकत घ्यायचा तर हातात घेऊन हुंगा, घट्ट असायला हवा. शंका आली तर बाजारातले परीक्षक फुकट तपासून देतात. पण तो चार-पाच दिवसांत उतरतो. भारतात नेण्याचा मोह टाळा, इथंच खा.

वाईनचं मात्र उलट. भारतात येताना एका प्रवाशाला 2 लिटर मद्य करमाफ आहे. 750 मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी घेतली की 2.25 होतात आणि सीमाशुल्क लागतं. म्हणून दोनच घ्या, पण नीट निवडून. एका दुकानात एकाच दिवशी 70 युरोंहून जास्त खरेदी झाली तर करपरताव्याचा फॉर्म मागा. विमानतळावर त्याची नोंद सामान चेक-इन करण्याआधी करावी लागते.

बाटल्या चेक-इनच्या सामानातच जातात. प्रत्येक बाटली फुगवायच्या पिशवीत किंवा जाड मोज्यात, मग प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, बॅगेच्या मधोमध, चारी बाजूंना कपडे. घरी पोचल्यावर किमान महिनाभर हात लावू नका. प्रवासात गाळ उसळलेला असतो आणि त्या अवस्थेत वाईन बोथट लागते.

आणि मुंबई-पुण्यात ठेवायची कुठे? कपाटात तर मुळीच नाही. 30 अंशांत दोन उन्हाळे काढले की ती वाईन शिजते. घरच्या फ्रिजमध्ये 4 अंशांना काही आठवडे चालेल, वर्षं नाही: हवा कोरडी, बूच आकसतं, दार सतत उघडतं. 12 ते 14 अंश धरणारा छोटा वाईन फ्रिज घ्या, बाटल्या आडव्या, आणि आत साध्या फ्रिज थर्मामीटरनं तापमान ताडून पाहा. समोरच्या पडद्यावरचा आकडा दोन-तीन अंशांनी चुकू शकतो. वीज जाते तिथं फ्रिज रिकामा ठेवू नये. बाटल्यांच्या जागी पाण्याच्या बाटल्या भरल्या तरी चालतं, थंडावा तासन्‌तास टिकतो. उघडायच्या दोन दिवस आधी बाटली उभी करायला विसरू नका.